दहावा सदस्य

“पंधरा माणसं,” बाबा म्हणाले, “आणि विषय काय, तर एक फरशी.”

मुलीने पुस्तकातून मान वर काढली नाही. जेवताना पुस्तक तांब्याला टेकवून वाचायची तिची सवय बाबांना आवडत नसे, आणि जेवताना समितीबद्दल बोलायची बाबांची सवय तिला. एकमेकांना सुधारायचा नाद दोघांनीही केव्हाच सोडला होता. आई मध्ये बसायची आणि कुणाच्याच बाजूने मत द्यायची नाही.

समिती म्हणजे शहराची पदपथ सल्लागार समिती. बाबांनी उभ्या नोकरीत रस्त्याखालच्या नळांचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर रस्त्याच्या वर काय चाललंय ते बघावं असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते समितीवर गेले. गेले ते दोन वर्षांसाठी. पण नवा सदस्य नेमेपर्यंत जुन्याने बसायचं, असा नियम होता, आणि नवा सदस्य नेमायची आठवण पालिकेत कुणालाच होत नव्हती. त्यामुळे बाबांची दोन वर्षं चौदा वर्षं चालली होती.

“फरशी सैल आहे, पावसात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत चिखल उडतो,” बाबा पुढे म्हणाले. “ती बसवा, एवढा सल्ला द्यायला आम्हांला तीन सभा लागल्या. म्हणून उद्या ठराव मांडतोय. पंधराची समिती सातची करा. मुदत दोनाऐवजी चार वर्षांची करा, आणि चार वर्षं झाली की खुर्ची आपोआप रिकामी. कुणी कुणाची वाट बघायची नाही.”

“पण बाबा, तुमचं ऐकतं कोण?”

“कोणी नाही. म्हणून तर म्हणतो. जे कुणीच ऐकत नाही ते पंधरा जणांनी बोलण्यापेक्षा सात जणांनी बोलावं. आठ जणांचा वेळ तरी वाचेल.”

“आणि त्या सातांत तुम्ही?”

“छे गं. मी आता घरी बसणार. तुझ्यासमोर. रोज.”

“अरे देवा,” मुलगी म्हणाली आणि पान उलटलं.

जेवण झाल्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने सदऱ्याला इस्त्री केली. कॉलरपाशी नेहमीसारखी एक घडी राहिली. आईने ती दाखवली, बाबांनी ती मान्य केली आणि तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गार झाला तरी बाबा उठले नाहीत. आईने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मुलगी गेली.

त्याच दिवशी दुपारी समितीची सभा भरली आणि गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झाली. इतिवृत्तात बाबांच्या नावापुढे शेरा पडला, ‘गैरहजर. कारण कळवले नाही.’

महिन्याभराने दाराची घंटा वाजली. मुलगी आतल्या खोलीत मुद्रितं तपासत बसली होती. एका प्रकाशनसंस्थेचं ते काम ती घरूनच करायची. आईने दार उघडलं. बाहेरून एक आवाज आला, “साहेब आहेत का? समितीचं पत्र आहे. सही लागते.”

“बाबा, तुमच्याकडे कोणी तरी—” मुलीने आतून हाक मारली, आणि मग हातातल्या पेन्सिलीकडे बघत बसली.

बाहेर आली तेव्हा शिपाई पाणी पिऊन गेला होता. आई पत्र टेबलावर ठेवत होती.

“तू सही केलीस?”

“मागितली त्याने. केली.”

“अगं आई, सांगायचंस ना त्याला.”

“काय सांगायचं?”

“जे आहे ते.”

“पुढच्या वेळी तू दार उघड आणि तू सांग,” आई म्हणाली. “मला काही त्रास नाही त्याचा. अजून कुणी तरी त्यांना विचारत येतं.”

पुढच्या महिन्यात मुलीने दार उघडलं. शिपाई कोवळ्या मिशांचा, नवा होता. जिना चढून दमला होता. “साहेब आहेत का?”

“ते... त्यांना आता पत्रं पाठवू नका,” मुलगी म्हणाली. “सभेची वगैरे.”

“नाराज आहेत का?”

“नाही हो. नाराज नाहीत.”

“मग ताई, हे तुम्ही वर सांगा. मी नुसता वाटतो.” त्याने पाणी मागितलं. तिने आणून दिलं. सही मात्र केली नाही. शिपायाने पेला परत दिला आणि कागदावर लिहून घेतलं, ‘सदस्य नाराज नाहीत. सही नाही.’

तिसऱ्या महिन्याची घंटा वाजायच्या आत हे प्रकरण मिटवायचंच, असं ठरवून ती पालिकेत गेली. ती घंटा वाजली की अजूनही तिच्या तोंडून हाक निघायची. एकदा तर घंटा शेजारच्यांची होती, तरी निघाली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचा विचारही नव्हता. यादीतून नाव गेलं की पत्र बंद, पत्र बंद की घंटा बंद. साधा हिशोब होता.

समितीचे चिटणीस पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत बसत. अतिशय सज्जन माणूस. तिला खुर्ची दिली, पंखा तिच्या बाजूला वळवला. तिने काही न बोलता मृत्यूचा दाखला त्यांच्यापुढे ठेवला. बोलावं लागू नये म्हणूनच तो आणला होता.

चिटणिसांनी तो नीट वाचला. चष्मा काढला. “फार वाईट झालं, ताई. साहेब आले की पहिल्यांदा माझ्या पाठदुखीची चौकशी करायचे. बाकी सगळे भत्त्याची करतात.”

“यादीतून नाव काढता का?”

“ते मला करता येत नाही.”

“का बरं? दाखला तुमच्याच पालिकेचा आहे. खाली तळमजल्यावर मिळाला.”

“बरोबर आहे. तळमजल्यावर साहेब गेले आहेत,” चिटणीस हळुवारपणे म्हणाले. “पहिल्या मजल्यावर अजून नाहीत. इथे नोंद समितीच्या सभेत व्हावी लागते.”

“मग घ्या सभा.”

“घोडं तिथेच अडलंय.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “समितीच्या रचनेत काहीही बदल करायचा असेल, म्हणजे सदस्य वाढवायचा, काढायचा किंवा गेला असं मानायचं, तर पंधराच्या दोन-तृतीयांश, म्हणजे दहा जण हजर लागतात. पंधरांपैकी पाच नुसते कागदावर आहेत. त्यातले दोघे कधी आलेलेच नाहीत. येणारे होते दहा.”

“मग ते दहा बोलवा.”

“दहावे तुमचे बाबा होते.”

मुलीने डोळे मिटले. उघडले. चिटणीस तसेच समोर होते.

“म्हणजे बाबा गेले हे मानायला बाबा हजर लागतात?”

“असं सरळ म्हटलं की विचित्र वाटतं,” चिटणीस म्हणाले. “तोवर आम्ही त्यांना गैरहजर धरतो. आणि लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिलं तर खुलासा मागवावा लागतो. दोन झाल्या.”

“कुणाकडून मागवणार खुलासा?”

“त्यांच्याकडूनच. पत्राने. शिपाई घेऊन येईल.”

आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या होत्या. या माणसाच्या वाक्यांत एकही चूक नव्हती आणि त्यांचा अर्थ काढला तर वेड लागायची पाळी.

“यातून वाट काय?”

चिटणिसांचा चेहरा उजळला. कुणी तरी हे विचारावं म्हणून ते बहुधा वर्षानुवर्षं थांबले असावेत. “आहे ना. गैरहजर सदस्याच्या वतीने घरची सज्ञान व्यक्ती प्रतिनिधी म्हणून बसू शकते. तुम्ही या. तुम्ही बसलात की दहा भरले. दहा भरले की साहेब गेल्याची नोंद होईल. नाव निघेल. काम फत्ते.”

“म्हणजे मी बाबांच्या जागी बसून बाबा नाहीत असं सांगायचं?”

“थोडक्यात, हो.”

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझे बाबा असते तर किती हसले असते,” आई म्हणाली. “आणि मग म्हणाले असते, नियम बरोबर आहे.”

सभेच्या दिवशी मुलगी अर्धा तास आधीच जाऊन बसली. लांबट टेबल, पंधरा खुर्च्या, मध्ये पाण्याचे झाकलेले पेले. बाबांच्या खुर्चीपुढे त्यांच्या नावाची पाटी होती. ती उलटी करावी की नाही हे तिला ठरवता आलं नाही. तिने हात मांडीवर ठेवले.

अध्यक्ष पेशाने दंतवैद्य होते. समोरचा माणूस उत्तर देत नाही याची त्यांना इतकी सवय होती की प्रश्न विचारून ते थांबतच नसत. त्यांच्या उजवीकडे निवृत्त वकीलसाहेब, पुढ्यात नियमांचं पुस्तक. डावीकडे शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई, हातात लोकर. बाकीचे सहाजण नुसते हजर होते. त्यातले एक बसल्याबसल्या झोपले.

“दहा,” चिटणिसांनी मोजलं. “गणपूर्ती आहे.”

“मग पहिला शोकप्रस्ताव,” अध्यक्ष म्हणाले. “आपले ज्येष्ठ सहकारी आपल्यात राहिले नाहीत. सर्वांनी उभं राहू या, चालेल ना, तर उभे राहा.”

सगळे उभे राहिले. झोपलेल्यांना शेजाऱ्याने उभं केलं. दोन मिनिटांनी सगळे बसले. मुलीने सुटकेचा श्वास घेतला आणि पिशवी उचलली.

“हरकत आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“कशाला?” अध्यक्षांनी विचारलं.

“प्रतिनिधी गैरहजर सदस्याचा असतो. दिवंगत सदस्याला प्रतिनिधी नसतो. आपण शोकप्रस्ताव संमत केला त्या क्षणी या ताईंचं प्रतिनिधित्व संपलं. उरलो आपण नऊ. नवांना शोकप्रस्ताव संमत करता येत नाही. सबब तो रद्द.”

“मग?”

“रद्द म्हणजे आपले सहकारी गेलेले नाहीत. गैरहजर आहेत. म्हणजे ताई पुन्हा प्रतिनिधी. म्हणजे पुन्हा दहा.”

“झालं तर,” अध्यक्ष म्हणाले. “गणपूर्ती आहे. शोकप्रस्ताव घेऊ. उभे राहा.”

सगळे पुन्हा उभे राहिले. मुलगी पिशवी हातात धरूनच उभी होती. या वेळी शांततेत लोकरीच्या सुया वाजत होत्या. बसल्यावर वकीलसाहेबांनी बोट वर केलं.

“आता काय?” बाई म्हणाल्या. “माझे गुडघे आहेत की काय आहे?”

“पुन्हा तेच झालं ना, बाई. त्याला मी काय करू?”

“अहो, मग आधी त्यांचा ठराव घ्या,” मुलगी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने शब्द एकेक करून ठेवले. “सातांचा. तो झाल्यावर बाकीचं बघा.”

वकीलसाहेबांना हे लागलं. “ताई, माणूस गेला असताना आधी कामकाज? हे शोभतं का?”

“पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते गेलेले नाहीत ना?”

“तांत्रिकदृष्ट्या नाहीत.”

“मग तांत्रिकदृष्ट्या शोभतं.”

वकीलसाहेबांनी पुस्तकातलं बोट काढून घेतलं. “अगदी साहेबांसारखं बोललात,” ते म्हणाले आणि हरकत मागे घेतली.

ठराव चिटणिसांनी वाचून दाखवला. बाबांचीच वाक्यं होती, आखूड आणि सरळ. दोन वर्षांत पदपथ कळतो, तो सुधारायला आणखी दोन लागतात, म्हणून मुदत चार वर्षं. वाचून संपताच सातजण एकदम बोलायला लागले. एकाच्या मते सात फार कमी, नऊ करा. दुसऱ्याच्या मते नऊ समसमान विभागले जात नाहीत, दहा करा. वकीलसाहेब म्हणाले, दहांत समसमान मतं पडतात, अकरा करा. नेमका आकडा ठरवायला पाच जणांची उपसमिती करावी असं तिसऱ्याने सुचवलं, आणि ती पाचाची असावी की तिघांची यावर पाऊण तास गेला. मुलीने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. रोज जेवताना बाबा जे सांगायचे ते आपण अतिशयोक्ती समजत होतो, असं तिच्या ध्यानात आलं. त्यांनी बरंच कमी करून सांगितलं होतं.

“पंधराचे पंधरा राहू द्या,” शेवटी अध्यक्ष थकून म्हणाले.

“नाही राहणार,” मुलगी म्हणाली. “तुम्हांला कुणाला काढलं जाईल याची भीती वाटतेय, एवढंच आहे. कोण सात राहणार ते आत्ता ठरवा. मग मत द्या.”

खरं होतं ते.

“ज्येष्ठतेप्रमाणे ठरवू,” वकीलसाहेब म्हणाले. “आज जे हजर आहेत, स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत, त्यांतले सगळ्यांत जुने सात.”

टेबलाखाली बोटं मोजली गेली. सहा चेहरे निवांत झाले. बाई उरलेल्या तिघांत येत होत्या. “सुटले एकदाची,” त्या म्हणाल्या आणि लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला. उरलेल्यांपैकी एक झोपलेले होते. त्यांचा हात शेजाऱ्याने वर केला. नवव्याने सगळ्यांकडे बघून हात वर केला, कारण एकट्याने वाईट कशाला व्हायचं. दहावा हात मुलीचा होता. तिने तो वर केला आणि बाबांचा ठराव मंजूर झाला. चौदा वर्षांत समितीने फरशी सोडून दुसरं काही मंजूर करायची ही पहिलीच वेळ असावी.

“नव्या समितीची नावं वाचतो,” चिटणीस म्हणाले. “ज्येष्ठतेनुसार. मुदत आजपासून चार वर्षं.” आणि त्यांनी पहिलं नाव वाचलं.

ते बाबांचं होतं.

मुलगी उठून उभी राहिली. “अहो, मी कशासाठी आले होते?”

“नाव काढायला,” चिटणीस कावरेबावरे होऊन म्हणाले.

“आणि तुम्ही चार वर्षं वाढवलीत.”

“तुम्हीच हात वर केलात, ताई.”

बाकीची नावं कुणी वाचली, कुणी ऐकली, तिला कळलं नाही. चार वर्षं घंटा वाजणार. चार वर्षं शिपाई पाणी पिणार. आई खुशाल सह्या करत राहणार, आणि एखाद्या दिवशी समिती बाबांना अध्यक्षही करील. तिला रडूही येईना आणि हसूही येईना. डोक्यात नुसता पंखा फिरत होता.

“एक मिनिट,” वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं. आल्यापासून पहिल्यांदाच. “बसा, ताई. आता समिती सातांची. सातांच्या दोन-तृतीयांश म्हणजे पाच. साहेब सोडून आम्ही इथे सहा आहोत. आता आम्हांला तुमची गरज नाही. शोकप्रस्ताव होऊ शकतो. आणि या वेळी तो टिकेल.”

अध्यक्ष उठायला लागले. वकीलसाहेबांनी त्यांच्या दंडाला हात लावून खाली बसवलं.

“असं नाही. दोनदा आपण ऐकीव माहितीवर उभे राहिलो. घरच्यांचं निवेदन तोंडी घ्यावं लागतं. चिटणीस, लिहून घ्या. ताई, तुम्ही फक्त सांगायचं.”

चिटणिसांनी पेन उचललं. सगळे तिच्याकडे बघत होते. झोपलेलेसुद्धा जागे झाले होते.

मुलीने तोंड उघडलं. तिला वाटलं होतं, सोपं असेल. एका वाक्याचं काम. ते वाक्य तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच तिला सांगितलं होतं. नातेवाइकांना आईने कळवलं, प्रकाशनात मैत्रिणीने, शेजाऱ्यांना सांगायची वेळच आली नाही. शिपायाला म्हणाली, पत्रं पाठवू नका. चिटणिसांपुढे दाखला सरकवला. इतक्या दिवसांत ते वाक्य तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं, आणि आता ते पडलं की यादी सहाची होणार होती. दार वाजणार नव्हतं. ‘साहेब आहेत का’ असं जगात कुणीच विचारणार नव्हतं.

पंखा फिरत राहिला. कुणीतरी पेला सरकवून तिच्यापुढे ठेवला.

“सावकाश,” वकीलसाहेब म्हणाले. “घाई नाही. तशी आता चार वर्षांची मुदत आहे.”

कुणी हसलं नाही. तिला मात्र हसू आलं.

“माझे बाबा गेले,” ती म्हणाली.

चिटणिसांनी ते लिहिलं. पूर्णविराम दिला. कागदावरून मान वर न करता त्यांनी सवयीने विचारलं, “आणखी काही नोंदवायचं आहे?”

“हो,” ती म्हणाली. “मला ते हवे होते. अजून खूप दिवस हवे होते.”